बांधणारे आणि राखणारे : डेक्कन कॉलेजच्या वास्तूची कथा

(मंडळीसमोर दिलेल्या ध्वनिमुद्रित व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय इतिहासाचा आहे. पण तो राजांचा किंवा लढायांचा नाही. एका महाविद्यालयाची इमारत कशी उभी राहिली, मध्येच तिला कुलूप कसे लागले, ते कसे निघाले आणि ती वास्तू आजवर कशी टिकली, एवढाच तो आहे. कोणत्याही इमारतीच्या आयुष्यात तीन प्रकारची कामे असतात : बांधकाम, नूतनीकरण आणि देखभाल. पहिल्या कामाची कोनशिला बसते. दुसऱ्याचा उद्घाटन-समारंभ होतो. तिसऱ्याची मात्र बहुधा कोठे नोंदही राहत नाही. तरीही वास्तू जगते ती या तिसऱ्या कामावरच. हे मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उदाहरणाने मांडणार आहे.

डेक्कन कॉलेजच का, असे कोणी विचारील. पुण्याच्या कॅम्पातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे आपले लाल देऊळ, आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. त्याचा आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याने केला. त्याच विल्किन्सने त्याच सुमारास पुण्यात आणखी दोन मोठ्या वास्तू उभारल्या : एक ससून रुग्णालय आणि दुसरी येरवड्याकडील डेक्कन कॉलेज. देऊळ, दवाखाना आणि विद्यालय या तिन्ही वास्तू एकाच हाताच्या आहेत. सिनेगॉग आणि रुग्णालय यांमागे डेव्हिड ससून यांचे दातृत्व होते. महाविद्यालयाच्या बांधणीस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पारशी घराण्याची देणगी लाभली. म्हणून ही कथा आपल्या घरापासून फार लांबची नाही.

या संस्थेचा आरंभ मात्र येरवड्यात झाला नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची पेशव्यांची प्रथा होती. एल्फिन्स्टन आणि त्यांच्यामागून आलेले चॅप्लिन यांच्या कारकिर्दीत त्या दक्षिणेच्या रकमेतील काही भाग विद्यालयाकडे वळवण्यात आला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज सुरू झाले. दुसऱ्या बाजीरावाने विलासासाठी बांधलेल्या वाड्यात आता व्याकरण आणि न्याय शिकवला जाऊ लागला. नव्या इमारतीवर खर्च न करता जुनीच वास्तू नव्या कामाला लावली गेली. वास्तूचा उपयोग बदलणे हाही तिला वाचवण्याचा एक मार्ग असतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तो ऑकलंडमध्येही भेटणार आहे.

१८५१ मध्ये त्या संस्थेचे पूना कॉलेज झाले. विद्यार्थी वाढले, विषय वाढले आणि शहराबाहेर प्रशस्त जागेची गरज भासू लागली. १५ ऑक्टोबर १८६४ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते नव्या इमारतीची पायाभरणी झाली आणि संस्थेला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. २३ मार्च १८६८ रोजी वर्ग नव्या वास्तूत भरू लागले. बांधकामास सुमारे अडीच लाख रुपये लागले. त्यातील जवळजवळ निम्मा भार जीजीभाईंच्या देणगीने उचलला, उरलेला सरकारने. ही निम्म्या-निम्म्याची वाटणी त्या वेळी केवळ हिशेबाची बाब वाटली असेल. सत्तर वर्षांनी तिनेच संस्थेचे प्राण वाचवले.

इमारत चौकाच्या तीन बाजूंनी उभी आहे. मध्ये दुमजली मुख्य भाग, दोन्ही अंगांना विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या, कमानींच्या लांब पडव्या आणि वर उंच मनोरा. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांची मैत्री याच महाविद्यालयात जमली. देशी माणसांनी चालवलेली शाळा काढण्याचा विचार त्यांच्या मनात येथेच रुजला; त्यातून १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. टिळकांची खोली आजही जतन केलेली आहे. कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी येथे संस्कृत शिकवले.

आता ज्या दगडात हे सर्व बांधले गेले, त्याच्याकडे वळू. तो सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार झाले, त्याचा हा दगड. येथे माउंट वेलिंग्टनला आपण ज्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो, तो माउंगारेईही ज्वालामुखीच आहे. तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी जागा झाला होता. त्याच्या लाव्ह्याचा दगड येथील खाणीतून अनेक दशके काढला गेला आणि ऑकलंडच्या रस्त्यांत व बांधकामांत गेला. ती खाण २००१ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी आज स्टोनफिल्ड्सची वस्ती आहे. पठार वेगळे, वय वेगळे, पण दगडाचे कूळ एकच. ऑकलंड विद्यापीठाच्या आवारात अल्बर्ट बॅरॅक्सच्या तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. माउंट ईडनच्या काळ्या दगडाचा तो तट १८४०च्या दशकात माओरी गवंड्यांनी रचला. बराकी गेल्या, सैनिक गेले, पण विद्यापीठाने त्या तटाला आपल्या अंगणात जागा दिली.

काळ्या दगडाची भिंत पाहिली की वाटते, हिला काय होणार आहे? दगडाला सहसा काही होत नाही. होते ते सांध्यांना. बेसाल्ट इतका घट्ट असतो की पाणी त्याच्यातून फारसे झिरपत नाही; ते दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यातून आत जाते आणि त्याच वाटेने वाफ होऊन बाहेर पडते. चुना मऊ असतो, श्वास घेतो, किंचित हलतो आणि दगडाला सांभाळून घेतो. म्हणून जुन्या गवंड्यांनी चुना भिजवून मुरवण्याला, घाणीत मळण्याला आणि त्यात गूळ, मेथी, बेलफळाचा गर मिसळण्याला इतके महत्त्व दिले. पुढे सिमेंट स्वस्त आणि सोपे झाले, तेव्हा देशभर अनेक जुन्या इमारतींचे सांधे सिमेंटने भरले गेले. वरून भिंत नवी दिसू लागली. पण आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद झाली. ओल आतल्या बाजूस सरकली, गिलावा फुगला, तुळयांची भिंतीत गेलेली टोके कुजू लागली. जखम स्वच्छ न करता वरून पट्टी घट्ट बांधली तर आत काय होते, हे कोणत्याही परिचारिकेला सांगावे लागत नाही.

दुसरा शत्रू छपराचा. सागवानी कैच्या आणि वर कौले, अशा छपराचे सर्वांत नाजूक ठिकाण म्हणजे दोन उतार जेथे मिळतात ती पन्हळ. तेथे पाने साचली की पाणी तुंबते आणि तुंबलेले पाणी लाकडात शिरते. पुण्याचा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो. म्हणून मृगाच्या आधी पन्हळी साफ करणे, फुटकी कौले बदलणे, भिंतीतून डोके काढणारी पिंपळाची रोपे मुळासकट उपटणे, ही कामे वेळच्या वेळी व्हावी लागतात. एका वर्षी पिंपळ हाताने निघतो. पाच वर्षांनी त्याला कोयता लागतो. वीस वर्षांनी त्याच्याबरोबर भिंतही काढावी लागते. खर्चाचे गणितही त्याच चालीने वाढते.

मी तरुणपणी ज्या रुग्णालयात नोकरीस लागले, तेथे एका वॉर्डाचे छप्पर दर पावसाळ्यात एकाच जागी गळे. आम्ही खाट सरकवत असू, खाली बादली ठेवत असू आणि नोंदवहीत लिहीत असू. नवीन कक्षाच्या उद्घाटनास पैसे मिळत. त्या चार कौलांसाठी मिळत नसत. यात कोणा एकाचा दुष्टपणा नव्हता. नव्या कक्षावर नाव लागते, कौलावर लागत नाही. माणसाचा स्वभावच तसा. तेव्हापासून कोणतीही भव्य इमारत पाहिली की माझे लक्ष कोनशिलेकडे न जाता प्रथम पन्हळींकडे जाते.

आता कथेच्या मुख्य वळणाकडे येऊ. १९३०च्या आसपास जगभर मंदी आली. मुंबई सरकारने काटकसरीचे धोरण स्वीकारले आणि १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद केले. पुण्यात आता फर्ग्युसन आहे, सर परशुरामभाऊ महाविद्यालय आहे. मग सरकारने आणखी एकाचा खर्च का सोसावा, असा विचार त्यामागे होता. विचार अगदी निराधारही नव्हता. पण माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. त्यांचा युक्तिवाद साधा होता : ही इमारत केवळ सरकारी मालमत्ता नाही. एका दात्याने विद्येसाठी दिलेल्या पैशातून ती उभी राहिली, सरकारने ते दान त्या हेतूने स्वीकारले, आणि जो असे दान स्वीकारतो तो मालक नसून विश्वस्त ठरतो. जीजीभाई घराण्याचे पाठबळ त्यांना होते. प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्या लढ्याची परिणती म्हणून १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था या नव्या रूपात पुन्हा उघडले.

या घटनेचा अर्थ नीट पाहावा. ज्यांनी हा लढा दिला त्यांच्यापैकी कोणाचे नाव कोनशिलेवर नव्हते. त्यांनी नवे काही बांधले नाही. त्यांनी एका जुन्या दानाचा कागद आणि त्यामागचा हेतू जपला, आणि योग्य वेळी तो पुढे ठेवला. वास्तूची देखभाल केवळ चुन्याने आणि कौलांनी होत नाही. कागदांनी आणि स्मरणाने होते, ती अशी. देणगी कोणत्या कामासाठी होती हे सांगणारा कोणी उरला नसता, तर त्या आवाराचे पुढे काय झाले असते कोण जाणे.

आणि उघडलेल्या दारांतून पुढे कोण आत आले, तेही पाहावे. भाषाशास्त्रज्ञ सुमित्र मंगेश कत्रे आले, पुरातत्त्वाचे हसमुख सांकलिया आले, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राच्या इरावती कर्वे आल्या. नेवासे, इनामगाव, नावडातोली येथील उत्खननांनी महाराष्ट्राचा आणि मध्य भारताचा प्रागैतिहास लिहिला गेला. १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत शब्दकोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द टिपून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, आणि ते काम पिढ्यांमागून पिढ्या चालू आहे. अशा चिठ्ठ्यांचा सर्वांत मोठा वैरी कोण? दमट हवा आणि वाळवी. तेव्हा छपराचे फुटके कौल बदलणारा माणूसही, त्याला संस्कृत येवो वा न येवो, त्या शब्दकोशाचा सहकारी असतो. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२१ मध्ये तिच्या मूळ स्थापनेला दोनशे वर्षे झाली.

जेथे असे बंधन नसते, तेथे काय होते याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. माउंट वेलिंग्टनला लागून मॉरिन रोडवर ऑकलंड विद्यापीठाचा तामाकी परिसर होता. लोकआरोग्यासारखे विषय तेथे शिकवले जात. पुढे विद्यापीठाने २०१३ मध्ये न्यूमार्केटची जुनी मद्यनिर्मितीची जागा घेतली, विभाग हळूहळू तिकडे आणि शहराकडे हलवले आणि तामाकीची जागा विकली. हे सर्व विद्यापीठाच्या अधिकारातले होते आणि त्यामागे व्यवहार होता. मुद्दा एवढाच, की महाविद्यालयाचा परिसर आपोआप चिरंजीव नसतो. त्याला धरून ठेवणारे काहीतरी असावे लागते : दानाची अट, माजी विद्यार्थ्यांची आस्था, किंवा वास्तूच्या वारशाला मिळालेले कायद्याचे संरक्षण.

याच ऑकलंडमध्ये एका सिनेगॉगला विद्यापीठाने कसे राखले, हेही ऐकण्याजोगे आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवरचे जुने सिनेगॉग वास्तुकार एडवर्ड बार्टली यांनी बांधले आणि १८८५ मध्ये त्याचे समर्पण झाले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मंडळी ग्रेज ॲव्हेन्यूवरील नव्या जागेत गेली आणि जुनी वास्तू ओस पडली. रिकामी इमारत आजारी माणसापेक्षा लवकर खचते. खिडकी फुटली तर सांगणारे कोणी नसते आणि नळ गळला तर बंद करणारे नसते. पाडून टाकण्याऐवजी १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आणि ती बँकेसाठी वापरात आली. पुढे ऑकलंड विद्यापीठाने तिला युनिव्हर्सिटी हाउस म्हणून आपल्या परिसरात सामावून घेतले. जेथे एकेकाळी शब्बाथची प्रार्थना होत असे, तेथे बँकेची मेजे लागली, याचे काहींना वाईट वाटते, मलाही वाटले. परंतु विश्रामबाग वाड्याची आठवण ठेवावी. उपयोग बदलला म्हणून वास्तू वाचली, आणि वास्तू वाचली म्हणून तिचे मूळ नाव अजून घेतले जाते.

न्यूझीलंडमध्ये देखभालीला आणखी एक परिमाण आहे, ते भूकंपाचे. २२ फेब्रुवारी २०११ रोजी क्राइस्टचर्चच्या भूकंपात १८५ माणसे गेली; त्यांतील काही जुन्या विटांच्या भिंती कोसळून गेली. त्यानंतर कायदा कडक झाला. नव्या इमारतीस जेवढे बळ अपेक्षित असते, त्याच्या ३४ टक्क्यांहून कमी बळ असलेली इमारत धोकादायक धरली जाऊ लागली आणि तिला ठरलेल्या मुदतीत मजबुती देणे किंवा ती पाडणे बंधनकारक झाले. ऑकलंडचा धोका कमी मानला जात असल्याने येथील मुदत लांब ठेवली गेली. शाळा, महाविद्यालये आणि प्रार्थनामंदिरे या सर्वांना ही तपासणी लागू झाली. वारसा राखायचा तो माणसांचे जीव राखून, हे या कायद्याने स्पष्ट केले आहे.

आपल्या परंपरेला हा विषय नवा नाही. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात यहोआश राजाच्या काळची हकीकत आहे. मंदिराची डागडुजी करण्यासाठी लोकांकडून पैसा येत होता, पण तेविसावे वर्ष उजाडले तरी भगदाडे तशीच होती. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. त्यात जमा झालेला पैसा थेट सुतार, गवंडी आणि पाथरवट यांच्या हाती जाऊ लागला, आणि काम झाले. डागडुजीचा पैसा वेगळा ठेवावा, हे शहाणपण किती जुने आहे पाहा.

मग आपल्यापुढचा प्रश्न उरतो. रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथील आपली सिनेगॉग, पुण्याच्या रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो, आणि स्वतः लाल देऊळ. ही सर्व वास्तू आज थोड्या कुटुंबांच्या खांद्यांवर आहेत. १९४८ नंतर आपली बहुतेक घरे इस्राएलला गेली, काही या दूरच्या बेटांवर आली. आपण गेलो, पन्हळी तेथेच राहिल्या. मुंबईच्या काळा घोड्याजवळील केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, जे १८८४ मध्ये उभे राहिले, त्याची मोठी दुरुस्ती होऊन ते २०१९ मध्ये पुन्हा झळाळले. त्यास देशविदेशांतून मदत आली. तेव्हा हे अशक्य नाही. मात्र प्रत्येक गावच्या लहान सिनेगॉगसाठी परदेशी निधी येणार नाही. तेथे डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा धडा आपल्या कामी येतो : दूर गेलेला माणूसही विश्वस्तच असतो.

रुग्णालयात पाळी संपली की आम्ही चार्ज देत असू. कोणत्या खाटेवर कोण, कोणाला ताप, कोणाची सलाईन किती वाजता संपणार, हे सर्व पुढच्या पाळीच्या परिचारिकेस सांगितल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नसे. इमारतीचाही असा केस पेपर असावा. छप्पर शेवटचे कधी उलगडले, कोणत्या भिंतीस ओल आहे, सांधे चुन्याने भरले की सिमेंटने, जागेचे आणि देणग्यांचे मूळ कागद कोणाजवळ आहेत; हे एका वहीत उतरवावे आणि तिच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक तेथे आणि एक दूरदेशी. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळच्या पावत्या, पत्रे किंवा सिनेगॉगची जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी ती टाकून देऊ नयेत. त्यांतील एखादा कागदच उद्या कामी पडेल. आणि देणगी देताना, संगमरवरी पाटीऐवजी दरवर्षीच्या पावसाळापूर्व कामासाठी थोडी रक्कम बांधून द्यावी, अशी माझी विनंती आहे. पाटीसाठी एकदा दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षीची लहान रक्कम वास्तूला अधिक वर्षे देते.

डेव्हिड ससून यांची समाधी लाल देवळाच्या आवारात आहे. त्यांचे १८६४ मध्ये निधन झाले. त्यांनी मांडलेले देऊळ आणि रुग्णालय १८६७ मध्ये पुरे झालेले त्यांनी पाहिले नाही. बांधणाऱ्याला आपले काम पुरे झालेले पाहायला मिळतेच असे नाही. राखणाऱ्याला तर ते कधीच मिळत नाही, कारण राखण्याचे काम पुरे होतच नाही. ते फक्त पुढच्या पाळीकडे सोपवता येते. आपली पाळी चालू आहे. ती नीट पार पाडून, सर्व नोंदी करून, चार्ज पुढच्यांच्या हाती देऊ या.